नऊ नंबरची मडम

पन्हाळ्यावर धुकं उतरलं की
मॅनेजर आरडेकर हाक मारतात,
"सातगोंडा, पाव्हणं आलंत. मडम काढ."

मडम काढायची म्हणजे
आधी व्हरांड्यातले दोन दिवे घालवायचे,
सेलवर चालणारा कंदील हातात घ्यायचा
आणि पितळी नऊ ठोकलेल्या दारापाशी
जरा थांबून खोकायचं.
मग पांढरा झगा, मोत्यांची माळ,
घोड्यावरनं पडलेला नवरा, दरीवरची खिडकी.
पुण्याच्या बायका एकमेकींचा दंड धरतात.
माणशी साडेसातशे, जेवण वेगळं.

खरं सांगू? मडम नव्हतीच कधी.
चौऱ्याण्णव साली, लाईट गेल्यावर,
इचलकरंजीचा एक सूतवाला
खिडकी वाजते म्हणून पैसे परत मागत होता.
खिट्टी मोडली होती.
मी म्हटलं, साहेब, खिडकी न्हाई ती, मडम हाय.
गडी गप्प झाला. सकाळी शंभराची नोट दिली,
दिवाळीत तीन मेव्हणे घेऊन परत आला.
खिट्टी अजून तशीच हाय,
सुताराला हात लावू देत न्हाईत.
नाव मागनं आलं, छापील कागदावर: डोरोथी.
मला नीट म्हणायला दोन वर्षं लागली.

पण पहाटे चारला
मागच्या दगडी जिन्यावर जे वाजतं
ते मी रचलेलं न्हाई.
बादलीची कडी.
दोन पायऱ्या. थांबणं. दोन पायऱ्या. खोकला.
पाव्हणं म्हणतात, मडमचे पैंजण.
मडम कशाला घालंल पैंजण!

बाबालाल मुजावर. बंबवाला.
एकवीस खोल्या, एकवीस बादल्या,
सहाच्या आत दारोदार कढत पाणी.
जळण ओलं असलं की निलगिरीचा पाला पेटवायचा,
सगळ्या हॉटेलला त्याचा वास.
साहेब लोक दार उघडायचे तवा
बादली असायची, माणूस नसायचा.
जिता असतानाच निम्मं भूत झाला होता बिचारा.

आषाढात, धुक्यात, सोळाव्या पायरीवरनं गेला.
आम्ही पोचलो तवा
पायऱ्या अजून वाफाळत होत्या.
बारा नंबरवाल्यानं तक्रार वहीत लिहिलं:
पाणी उशिरा.
तारीख, सही, सगळं हाय.
पुढल्या महिन्यात गीझर बसले.

एकदा आरडेकरांना विचारलं,
ह्याची गोष्ट सांगू का पाव्हण्यांना?
हिशेबातनं मान वर न काढता म्हणाले,
"बंबवाल्याला कोण भिणार, सातगोंडा?"
मला उत्तर सुचलं न्हाई.
रात्री भाकरी मोडताना सुचलं,
पण तोवर ते कोल्हापूरला उतरले होते.

गेल्या पौषात मला ताप भरला.
हॉटेल रिकामं. खाली वारणेकडं गुऱ्हाळं पेटलेली,
समोर ज्योतिबाच्या डोंगरावर एकच दिवा.
नोकरांच्या खोल्यांना गीझर न्हाईत.
चारला कडी वाजली.
दोन पायऱ्या. थांबणं.
आणि वर जायचं सोडून
आवाज इकडं वळला.
माझ्या दारापाशी बादली टेकली,
कडी अलगद कडेला निजवली,
साहेबाची झोप मोडू नये म्हणून निजवायचा तशी.

मी लगेच दार उघडलं न्हाई.
शंभर आकडे मोजले,
त्याला जायला वेळ मिळावा म्हणून.
समोरासमोर आलेलं त्याला कधी आवडलं न्हाई.
सत्तरावर वाटलं, पाणी निवंल.
तरी मोजलं.

पाण्याला निलगिरीचा वास होता.
अंघोळ केली. बादली घासली,
पालथी घातली बंबाच्या जागी,
तिथं आता फोटो काढायला झोपाळा टांगलाय.

संध्याकाळी सांगलीचे चौदा जण आले.
दिवे घालवले, खोकलो, डोरोथी काढली.
दोघी किंचाळल्या, एकानं व्हिडिओ काढला.
सगळे निजल्यावर कपाट उघडून
ती जुनी वही काढली,
आणि बारा नंबरवाल्याच्या सहीखाली
पेन्सिलीनं लिहिलं:
पाणी वेळेत मिळालं.